चौथी ओळ

एकपानी खेळ लिहिणाऱ्यांची एक पद्धत असते. तक्त्यातल्या सगळ्या ओळी काही एकदम सुचत नाहीत. मग फासा टाकून बघण्यापुरतं रिकाम्या ओळीत हाताला येईल ते भरायचं आणि छापायच्या आधी आठवणीनं बदलायचं. कुणी वाण्याची यादी भरतं, कुणी शेजाऱ्यांची नावं. धाकटीनं चौथ्या ओळीत आपल्या थोरल्या जावेचं गुपित भरलं, आणि ते बदललं नाही.

घरात सुना दोन. थोरली खालच्या मजल्यावर राहायची, धाकटी वरच्या. ही नावं सासऱ्यांनी पाडलेली. ती इतकी चिकटली की पोस्टमनसुद्धा जिन्याखालून "धाकट्या बाईंचं पाकीट" अशी हाळी द्यायचा.

धाकटीचं बाळ दहा महिन्यांचं. दुपारी ते चाळीस मिनिटं झोपायचं, एकेचाळिसावं मिनिट त्यानं आईला कधी दिलं नाही. त्यातली पाच मिनिटं त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हे बघण्यात जायची. उरलेल्या पस्तीस मिनिटांत ती खेळ लिहायची.

खेळ म्हणजे पटावर सोंगट्या सरकवायचे नव्हेत. तीनचार माणसांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं कुणाचं तरी सोंग घ्यायचं, फासा टाकायचा आणि पुढं काय झालं ते एकमेकांना सांगत गोष्ट रचायची. असल्या काही खेळांची पुस्तकं उशाला घेता येतील इतकी जाड असतात. धाकटीची अट उलटी होती, नियम पोस्टकार्डावर मावले पाहिजेत. एका कागदाला तीन घड्या, मधोमध एक काप, की आठ पानांची पुस्तिका तयार. लिफ्टमध्ये अडकलेल्या चार अनोळखी माणसांचा एक खेळ तिनं लिहिला होता, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाचा एक.

घड्या घालायचं खातं थोरलीच्या तेरा वर्षांच्या मुलीकडे होतं. पट्टीच्या कडेनं दाबून ती अशी घडी घालायची की कागदानं पुन्हा उलगडायचं नाव काढू नये. मजुरी म्हणून प्रत्येक खेळाची पहिली प्रत तिच्या दप्तरात जायची. "माझी काकू खेळ बनवते," हे तिनं शाळेत इतक्यांदा सांगितलं होतं की वर्गातल्या मुली तिलाच "काकू" म्हणून चिडवायच्या.

गुपित धाकटीकडे आलं ते असं. बाळ सहा आठवड्यांचं होतं. सकाळपासून रडत होतं, आणि त्याचं पाहून धाकटीही. ओट्यापाशी उभी राहून, बाटल्या उकळत ठेवून, ती हुंदके देत म्हणाली, "वहिनी, मी वाईट आई आहे. मला हे जमत नाही."

थोरली वाळलेले कपडे घडी करत होती. तिच्या हातात एक निळा टॉवेल होता, त्यावर पांढरे हत्ती. तिच्या मुलीचा तो लहानपणचा टॉवेल, आता बाळाकडे आला होता. टॉवेलावरची नजर न काढता ती म्हणाली, "मी सांगते, तू ऐक, आणि सोडून दे. पोरगी तीन महिन्यांची होती. ह्याच टॉवेलात गुंडाळून पाळण्यात ठेवली, बाहेरून कुलूप लावलं आणि बसथांब्यावर जाऊन बसले. तीन बस सोडल्या. चौथीत चढले." मग तिनं टॉवेलाची शेवटची घडी घातली. "ह्यांनासुद्धा ठाऊक नाही. वाईट कशाला म्हणतात ते मला विचार. तुझं आपलं साधं रडू आहे, बाई. तोंड धू."

धाकटीनं तोंड धुतलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, आपण तरून जाऊ.

सात महिन्यांनी तिनं नवा खेळ लिहायला घेतला. नाव ठेवलं 'कुणाला सांगू नका'. तीन खेळाडू, तिघीही पहिल्या वर्षातल्या आया. आपापल्या पाळीला फासा टाकायचा, तक्त्यातली त्या आकड्याची ओळ वाचायची आणि ती आपलीच गोष्ट असल्यासारखी "मी" म्हणून सांगायची. डावीकडच्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा, त्याला खरंखुरं वाटेल असं उत्तर द्यायचं. प्रत्येकाला दोन पाळ्या. बस, एवढंच.

सहापैकी पाच ओळी तिच्या स्वतःच्या होत्या. 'बाळाचं वजन विचारलं, तेव्हा दोनशे ग्रॅम वाढवून सांगितलं.' 'रडणं ऐकू आलं, तरी नळ चालूच ठेवला.' असली चिल्लर. धाकटीची पापंही तिच्यासारखीच भित्री होती. चौथी ओळ रिकामी राहिली. झोपेचं चाळिसावं मिनिट चाललं होतं, आतून कुरकुर सुरू झाली होती, आणि फासा टाकून बघायचा होता. तिनं लिहून टाकलं. नंतर बदलू.

नंतर तिनं खरंच बदलून बघितलं. हत्तींची बदकं केली, बसची आगगाडी केली, कुलपाची कडी केली. प्रत्येक वेळी ओळ मेल्यासारखी पडून राहिली. हत्ती परत आणले की उठून बसायची. तिला कामातलं कळत होतं, तेच नडलं. तक्त्यातली सगळ्यात जिवंत ओळ कुठली हे तिला ठाऊक होतं, आणि ती आपली नाही हेही. छापायला देताना तिनं दुसरी आणि पाचवी ओळ तीनतीनदा घासली, चौथीला हात लावला नाही.

तिच्यासारखे खेळ लिहिणाऱ्यांचा एक कट्टा होता इंटरनेटवर. तिथं तिनं खेळ ठेवला. आजवर तिच्या खेळाला पंधरावीस माणसं मिळायची. याला आठवड्यात तीनशे मिळाली. जो तो चौथ्या ओळीबद्दल बोलत होता. एका बाईंनी लिहिलं, 'हे स्वतः भोगल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमच्या हिमतीला दाद.'

धाकटीनं ते चारदा वाचलं. मग खाली लिहिलं, 'मनापासून आभार.'

आभार म्हणजे काही कबुली नव्हे, तिनं स्वतःला समजावलं. कुणी चांगलं म्हटलं की आभार मानतात, रीतच आहे. पण मोबाइल बाजूला ठेवल्यावर तिचे कान तापले होते, आणि खालून थोरलीनं "अगं, बाळाला आण, आंघोळ घालते" म्हणून हाक मारली तेव्हा ती जिन्यात उगाचच दोन मिनिटं थांबली.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाचणीचा डाव ठरला. चाळीस प्रती छापून झाल्या होत्या. गुरुवारी मुलीनं त्यांना घड्या घातल्या. त्या दिवशी ती नेहमीसारखी बडबडली नाही, पण धाकटीला वाटलं, परीक्षा जवळ आलीय. शुक्रवारी ती शाळेतून थेट वरच आली, दप्तरासकट, आणि बाळाशेजारी ठाण मांडून बसली. धाकटीला बरं वाटलं. पोरीचा जीव आहे बाळावर.

वाचनालयातल्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यावर शाईचे जुने डाग, आणि भिंतीला टेकलेल्या मोडक्या खुर्च्या. कट्ट्यावरचे दोघे आले होते. एक दाढीवाला, शाळेत चित्रकला शिकवणारा, ज्याच्या खिशात कायम सात-आठ फासे खुळखुळत. दुसरी एक नर्स, दवाखान्यातली ड्युटी संपवून तशीच आलेली, पायातले बूट काढून टेबलाखाली पाय लांब करून बसलेली. तिसऱ्या गड्याचा निरोप आला, दाढ दुखतेय, येत नाही.

"तीनच लागतात ना?" दाढीवाला म्हणाला. "आता काय, ग्रंथपालबाईंना बसवायचं?"

"त्या 'शांतता राखा' म्हणतील आणि फासाच टाकू देणार नाहीत," नर्स म्हणाली.

तेवढ्यात दारात थोरली उभी. केस नीट विंचरलेले, बाहेर जायच्या चपला, हातात कापडी पिशवी. धाकटी ताडकन उठली.

"बाळ कुठंय?"

"आहे बाई, जिवंत आहे," थोरली म्हणाली. "पोरगी म्हणाली, आई, तू जा, मी इथून हलणार नाही. हेही आहेत घरी, पेपर तोंडावर घेऊन. म्हटलं, एकदा बघावं तरी, आमची धाकटी करते काय ते. रोज नुसत्या घड्याच बघायच्या का आम्ही?"

"ताई, अगदी वेळेवर!" दाढीवाल्यानं खुर्ची ओढली. "बसा. एक माणूस कमीच आहे."

"नको," धाकटी म्हणाली. जरा मोठ्यानंच. "वहिनींना सवय नाही. आपण पुढच्या आठवड्यात..."

"का गं?" थोरली बसलीसुद्धा. "मला वाचता येत नाही का?"

सगळे हसले. दाढीवाल्यानं पोस्टकार्डाएवढे नियम वाचून दाखवले, नर्सनं तिघांपुढं एकेक पुस्तिका ठेवली. धाकटी बाजूच्या खुर्चीत वही घेऊन बसली. चाचणीच्या डावात खेळ लिहिणाऱ्यानं मुकं बसायचं, हा दंडक. खेळ आपल्या पायांवर उभा राहतो की नाही ते बघायचं, आपण मधे हात द्यायचा नाही. आजवर तिनं तो कधी मोडला नव्हता. आता तिला तो देवानं पाठवल्यासारखा वाटला. मुकं बसणं हेच तिचं काम होतं.

दाढीवाल्याला दोन पडले. त्यानं नळाची ओळ घेतली आणि तिला चांगलं फुलवलं. नर्सला सहा. थोरलीनं फासा दोन्ही हातांत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. एक. वजनाची ओळ.

तिनं वाचली, मान हलवली आणि सुरूच झाली. "त्याचं असं झालं, काटा होता शेजारणीचा. आता तिच्या पोरापेक्षा माझं पोर हलकं भरलेलं मला चालेल का? दोनशे वाढवून सांगितले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही."

तिच्या डावीकडच्या दाढीवाल्यानं प्रश्न विचारला, "शेजारणीला कळलं का?"

"न कळायला काय झालं? पण बोलते कशी? तिनं तिच्या पोराचे तीनशे वाढवले होते."

नर्सनं टेबलावर हात आपटला. "ताई, तुम्ही इतके दिवस कुठं होतात?"

थोरली लाजली, खूश झाली. धाकटीकडे वळून तिनं भुवई उडवली, बघितलंस? धाकटी हसली. वहीवर तिनं हिशेब मांडला. तीन फासे उरले. चार पडण्याची शक्यता दर वेळी सहात एक. बहुतेक नाहीच पडणार. तिनं श्वास सोडला.

आणि मग तिला स्वतःचाच नियम आठवला. पोस्टकार्डाच्या तळाशी होता, बारीक अक्षरात. वाचून झालेली ओळ पुन्हा आली, तर तिच्या खालची घ्या. तीही झाली असेल, तर आणखी खालची; सहावीनंतर पुन्हा पहिली. एवढ्या मेहनतीनं लिहिलेल्या सहा ओळी, त्यातली एकही वाया जाऊ नये म्हणून तिनं तो घातला होता. तीन खेळाडू, दोन पाळ्या, सहा ओळी. फासा कसाही पडो, चौथी येणार होती. फक्त कुणाकडे, एवढंच फाशाच्या हातात होतं.

दाढीवाल्याला पाच पडले. पाचवी तोवर कुणी वाचली नव्हती, त्यानं घेतली. नर्सला दोन. दुसरी झालेली, म्हणून खालची तिसरी. 'ताप आहे सांगून बाळाच्या बाबांना रजा घ्यायला लावली. ताप नव्हता.' नर्स बोलत होती आणि धाकटीला एकही शब्द ऐकू येत नव्हता. आता बोल, ती मनात म्हणत होती. म्हण, घरून फोन आलाय. म्हण, डोकं दुखतंय. पाणी सांड कागदावर. काहीही कर. तिची पेन्सिल वहीवर एकाच जागी गोल गोल फिरत राहिली.

थोरलीनं पुन्हा फुंकर मारली. फासा गडगडत पुस्तिकेला आपटला. एक.

"एक झाली," नर्स बोट ठेवत म्हणाली. बोट खाली सरकलं. "दोन झाली. तीन झाली. ही घ्या, चार. आणि ताई, ही सगळ्यात भारी आहे बरं का. नशीबवान आहात."

थोरलीनं आधी मनात वाचली. तिचे ओठ हलले, आणि मग हलायचे थांबले. खोलीत पंखा घरघरत होता. तिनं मान वर केली नाही. पान जरासं दूर धरलं, आणि विजेचं बिल वाचावं तशा आवाजात वाचून दाखवलं.

"बाळाला हत्तींच्या निळ्या टॉवेलात गुंडाळून पाळण्यात ठेवलं. बाहेरून कुलूप लावलं. बसथांब्यावर जाऊन बसले. तीन बस सोडल्या. चौथीत चढले."

"आता आपल्या शब्दांत, ताई," दाढीवाला हळूच म्हणाला.

"हे आपल्याच शब्दांत आहे," थोरली म्हणाली.

त्याला ते फार आवडलं. त्याला वाटलं, बाई सोंगात शिरलीय. त्यानं थोडा वेळ जाऊ दिला, आणि आपला एक प्रश्न विचारला. "मग उतरलात कुठं?"

थोरलीनं आता धाकटीकडे पाहिलं. रागानं नव्हे. पाकिटावर चुकीचा पत्ता निघाल्यावर माणूस जसं उलटसुलट करून बघतं, तसं.

"ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "त्यांना ठाऊक असेल."

"हो की!" नर्स म्हणाली. "ते यांचं स्वतःचंच आहे ना. कट्ट्यावर त्या बाईंनी हिमतीचं लिहिलं, तेव्हा तुम्हीच आभार मानले होते. मी तेव्हापासून विचारणार होते. सांगा ना, उतरलात कुठं?"

तीन माणसं धाकटीकडे बघत होती. नाही म्हणावं, तर मग कुणाचं, हा पुढचा प्रश्न. आणि ज्याचं आहे ते माणूस टेबलाशी बसलेलं, बाहेर जायच्या चपला घालून, हौसेनं आलेलं. हो म्हणावं, तर त्याच माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणावं लागणार.

"हो," धाकटी म्हणाली. डोळे तिनं फाशावर ठेवले. "पुढच्याच थांब्यावर उतरले. राहवलं नाही."

"बघा," नर्स म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले. दाढीवाल्यानं धाकटीच्या खांद्यावर थोपटलं. थोरली फासा उचलून त्याचे ठिपके बघत होती.

परतीची वाट पंधरा मिनिटांची. दुकानांच्या पाट्यांचे दिवे नुकते लागत होते. धाकटी अर्धं पाऊल मागून चालत होती. सिग्नलपाशी थोरली थांबली.

"पुढच्याच थांब्यावर म्हणे."

"वहिनी, मी कुठंही तुमचं नाव..."

"नाव कशाला लागतंय? हत्ती आहेत ना."

सिग्नल हिरवा झाला. दोघीही हलल्या नाहीत.

"मी ती ओळ काढून टाकते. घरी गेल्या गेल्या."

"काढ. किती जणांकडे गेलंय?"

"चाळीस छापल्यात, त्या वाटलेल्या नाहीत अजून. पण... तीनशेएक जणांनी मोबाइलवर घेतलाय."

"मग काय काढतेस?" थोरली रस्ता ओलांडू लागली. "दूध उतू गेलं, आता पातेलं आत उचलून ठेव."

पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, "मघाशी हो म्हणालीस, ते माझं नाव येऊ नये म्हणून?"

"हो."

"खरं बोल."

तीन मोटारी गेल्या. "नाही. म्हणजे, तेही. पण आधीपासूनच तसं चाललं होतं. सगळ्यांना वाटत होतं माझंच आहे, मी वाटू दिलं. चांगलं म्हणत होते सगळे."

"हं." थोरलीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटलं होतं, मी तुला औषध दिलं. बाटलीवर नाव लिहून विकायला नव्हतं दिलं."

माफ करा म्हणावं, तर तो शब्द धाकटीला एवढासा वाटला, आणि तिनं तो म्हटलाच नाही. नंतर तिला त्याचीही लाज वाटली.

जिन्याशी येईतो थोरलीची चाल मंदावली. पहिल्या पायरीवर तिनं कठडा धरला. "पोरीनं घड्या घातल्यात ना याला?"

धाकटी जागीच थांबली.

"गुरुवारी चाळीसच्या चाळीस," थोरली म्हणाली. "पहिली प्रत तिच्या दप्तरात असणार. आणि टॉवेल तिचा. हत्तीच्या कानाला तिनं निळं पेन लावलंय लहानपणी, अजून गेलेलं नाही. ती काय ओळखणार नाही?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "दोन दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाही. मी म्हटलं, परीक्षा."

"मलाही वाटलं परीक्षा."

"तेरा वर्षांची आहे ती. आईनं आपल्याला कोंडून बस पकडली, हे तिनं खेळाच्या पुस्तकात वाचायचं?"

खालच्या मजल्याच्या दारापर्यंत दहा पायऱ्या होत्या. धाकटी एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येकीवर तिला वाटत होतं, मागं फिरावं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून थोरलीच्या नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. बाहेरच्या खोलीत मधोमध चादर अंथरलेली, तिच्याभोवती उशांचा कोट, आणि कोटात मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. बाळ तिच्या वेणीचं टोक चघळत होतं. आईला बघून ते खिदळलं आणि हात पुढं केले. धाकटी वाकली.

मुलीनं बाळ दिलं नाही. आपल्याकडे ओढून घेतलं.

"काकू, एक विचारू?"

थोरली उंबऱ्यातच होती, एक चप्पल काढलेली, एक पायात.

"तू बाळाला कुलूप लावून गेली होतीस?"

धाकटीला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. टॉवेल आता बाळाचा होता. मोठ्यांच्या डोक्यात जुना हिशेब होता, पोरीच्या डोक्यात आजचा. तिच्या दृष्टीनं त्या ओळीतलं बाळ तिच्या मांडीवर बसलं होतं. गुरुवारी तिनं चाळीसदा घडी घातली होती, आणि चाळीसदा ते वाचलं होतं. शुक्रवारचं दप्तर, आजचं "आई, तू जा, मी इथून हलणार नाही", हा उशांचा कोट. पोरगी दोन दिवस पहारा देत होती. काकूपासून.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा चेहरा कागदासारखा. हात दाराच्या चौकटीवर. ती तोंड उघडत होती, काय सांगायला ते तिचं तिलाही माहीत नसावं.

"हो," धाकटी म्हणाली. "गेले होते."

"एकट्याला ठेवून?"

"हो."

"चौथीत चढलीस?"

"चढले."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बाळाच्या डोक्यावर गाल टेकून पुसलं. "मला वाटलं, तू म्हणशील खोटं आहे. खेळातलं. मी दोन दिवस वाट बघत होते, तू म्हणशील म्हणून." मग ती आईकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं," थोरली म्हणाली.

"आणि तू काही बोलली नाहीस तिला?"

"होतं गं असं. बाळंतपणात माणूस..."

"काय होतं? तू केलं असतंस असं? माझ्या बाबतीत?"

घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज झाला, पुन्हा सुरू झालं. थोरली खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवू लागली. तो मघाशीच सुटलेला होता.

"तुझी आई नाही असं करत," धाकटी म्हणाली.

तिला वाटलं होतं, एवढं म्हटलं की छातीवरचं काहीतरी हलकं होईल. झालं नाही. मुलगी तिच्याकडे बघत होती. लिफ्टचा खेळ, कारकुनाचा खेळ, सगळ्या पहिल्या प्रती जिच्या दप्तरात होत्या, ती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती नीट बघत होती, अनोळखी बाईच्या हातात बाळ द्यावं की नाही हे ठरवताना बघावं तशी.

बाळ आता आईकडे झेपावून रडायला लागलं. मुलीनं शेवटी उठून ते धाकटीच्या हातात दिलं. आधी एक हात, मग दुसरा. आणि हत्तींचा टॉवेल स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला.

"मी रोज शाळेतून थेट वर येणार," ती म्हणाली. "काका येईपर्यंत बसणार. अभ्यास तिथंच करीन. तुला चालेल ना?"

धाकटीनं बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही थोरलीकडे पाहिलं नाही.

"ये," ती म्हणाली.